इतिहासाची गोष्ट लिहिण्यापूर्वी

स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी आम्हांला येतोच, "या वेळी काहीतरी लिहाच." आम्ही बँकेत कारकुनी करणारे माणूस. कला शाखेची पदवी घेतल्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि त्यानंतर लेखणी चालली ती बहुतेक पावत्यांवर आणि रजेच्या अर्जांवर. तरीही मंडळाच्या प्रेमापोटी आम्ही होकार देतो. या वेळी मात्र मंडळाने विषयही ठरवून दिला. २० मार्च २०२७ ही महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी. त्यानिमित्त महाडची गोष्ट लिहा. भाषण नको, लेख नको, आमच्या मुलांना शेवटपर्यंत वाचावीशी वाटेल अशी गोष्ट हवी, पण तीत एकही शब्द खोटा नको, असे त्यांनी बजावले.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. वाटले, महाडची हकीकत लहानपणापासून तोंडपाठ आहे, चार रात्री बसलो की झाले. प्रत्यक्षात तीन महिने गेले आणि गोष्ट अजून पुरी व्हायची आहे. परंतु लिहिण्याआधी जी मांडणी करावी लागली, तिने आमचे डोळे चांगलेच उघडले. आपल्या वस्त्यांतून, गावांतून अशा कितीतरी खऱ्या गोष्टी कुणीतरी लिहील म्हणून पडून आहेत. ज्यांना त्या लिहाव्याशा वाटतात त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही मांडणीच आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खरी गोष्ट म्हणजे काय?

इतिहास सांगण्याच्या दोन रीती आपल्याला परिचयाच्या आहेत. एक शाळेच्या पुस्तकाची. तीत सन, ठिकाण, कारणे आणि परिणाम एकाखाली एक दिलेले असतात. दुसरी ऐतिहासिक कादंबरीची. तीत राजा काय बोलला, राणीच्या मनात काय आले, हे लेखक आपल्या पदरचे घालतो आणि वाचकही ते समजून घेतो. आम्हांला हवी होती ती तिसरी रीत. तीत गोष्टीसारखे प्रसंग असावेत, माणसे चालती-बोलती दिसावीत, पुढे काय होते याची उत्कंठा असावी. मात्र प्रत्येक तपशिलाला आधार असावा.

मग लेखकाला मोकळीक कशाची? आमच्या मते ती मांडणीची. गोष्ट कोठून सुरू करायची, कोणाच्या नजरेने दाखवायची, कोणत्या प्रसंगापाशी थांबायचे, कोणता एका वाक्यात उरकायचा आणि शेवट कोठे करायचा, एवढे सर्व लेखकाच्या हाती असते. घटना मात्र त्याच्या हाती नसतात. म्हणूनच या प्रकारात आधी आराखडा करावा लागतो.

पहिले काम : रोजकीर्द

बँकेत दिवसाचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने नोंदवले जातात. आम्ही तेच केले. एका वहीत तीन रकाने पाडले : तारीख, काय घडले आणि आधार काय. ही वही भरू लागली तसतसे आमचे तोंडपाठ महाड वेगळेच दिसू लागले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे तळे तेथेच होते, ठराव दप्तरात होता, आणि पाण्याला हात लावण्याची सोय मात्र कोणाला नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली आणि परिषदेच्या मंडपातील व रस्त्यांवरील माणसांवर लाठ्या चालल्या. काही जण जेवत होते, काही परतीची बांधाबांध करीत होते. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, दूध, दही, शेण व गोमूत्र घालून तळ्याची शुद्धी करण्यात आली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला.

दुसरी परिषद २५ डिसेंबर १९२७ पासून भरली. त्या आधी, १२ डिसेंबरला, विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह मात्र कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहकूब झाला आणि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. दावा पुढे चालत राहिला. खालचे कोर्ट, मग ठाणे, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने विरोधकांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकाळापासूनची वहिवाट असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही.

वाचकांनी या तारखा सलग वाचून पाहाव्यात. आम्ही ज्याला 'महाडचा दिवस' म्हणत होतो, तो १९२३ ते १९३७ असा चौदा वर्षांचा व्यवहार निघाला.

गोष्ट कोणत्या प्रश्नावर उभी आहे?

रोजकीर्द म्हणजे गोष्ट नव्हे. तारखांच्या माळेला एका प्रश्नाचा दोरा लागतो. आम्ही प्रथम धरलेला प्रश्न होता, "तळ्याचे पाणी प्यायला मिळते की नाही?" पण त्याचे उत्तर तिसऱ्याच पानावर मिळून जाते आणि पुढचे सारे शेपटासारखे लोंबत राहते. मुलांना वाटेल, पाणी प्याले, जिंकले, संपले.

मग वही पुन्हा चाळली. पहिली नोंद ठरावाची आणि शेवटची नोंद निकालाची, दोन्ही कागदाच्या. मधे माणसे. आमचा जन्म कागदात गेलेला, म्हणून असेल कदाचित, पण प्रश्न तेथेच सापडला : कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्ष ओंजळीत यायला काय काय लागते? हा प्रश्न धरताच मार्चच्या प्रसंगाइतकेच डिसेंबरलाही महत्त्व आले आणि कोर्टाच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या दहा वर्षांनाही अर्थ आला.

आरंभही त्यामुळे बदलला. पूर्वी आम्ही तळ्याच्या काठापासून सुरुवात करणार होतो. बाबासाहेबांच्या चरित्रात धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की, मार्चच्या परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. ज्या गावात तळे कायद्याने खुले, तेथेच पाण्याला चाळीस रुपये! खर्चाची ही एक नोंद एका भाषणाचे काम करते. आमची गोष्ट आता या विकतच्या पाण्यापासून सुरू होते. शेवट १७ मार्च १९३७ वर. पाणी प्याले त्या दिवसापासून दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

कोणाच्या नजरेने सांगावी?

साहजिकच मनात येते की बाबासाहेबांच्या नजरेने सांगावी. आम्ही दोन पाने तशी लिहिलीही आणि फाडून टाकली. ओंजळ भरताना त्यांच्या मनात काय आले, हे आम्हांला कोठून कळणार? आपण श्रद्धेने जे घालतो ते आपलेच विचार असतात, आणि वाचणारे मूल ते बाबासाहेबांचे म्हणून पाठ करते. त्यांची भाषणे आहेत, त्यांचे लेखन आहे. त्यांनी जे म्हटले तेवढेच त्यांच्या तोंडी असावे. डिसेंबरच्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती, हे एकच सांगितले तरी त्यांची झेप वाचकाला कळते.

म्हणून आम्ही खेड्यातून आलेल्या सामान्य प्रतिनिधीची नजर धरली. त्यात एक अट आली. त्याला जे दिसणे शक्य नव्हते, ते त्याच्या डोळ्यांनी दाखवायचे नाही. कौन्सिलातला ठराव, कोर्टातला युक्तिवाद हे लेखकाने आपल्या आवाजात, थोडक्यात सांगायचे.

आणखी एक पथ्य. गोष्टीत एका बाजूला सगळे देव आणि दुसऱ्या बाजूला सगळे राक्षस उभे केले की ती पटकन रंगते, परंतु ती खोटी होते. परिषदेची कल्पना ज्यांनी उचलून धरली ते रामचंद्र बाबाजी मोरे त्याच भागातले. पण नगरपालिकेत खुलेपणाची बाजू घेणारे सुरबानाना टिपणीस, परिषदेच्या उभारणीत झटणारे अनंतराव चित्रे आणि मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे तर सवर्ण समाजातले. मार्चमध्ये मार खाणाऱ्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला आणि डिसेंबरच्या मंडपाला दुसऱ्या कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. ही माणसे गाळली तर गोष्ट आखूड होते, आणि विरोध किती ताकदीचा होता हेही नीट कळत नाही.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

बँकेत व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो. आमच्या वहीतला तिसरा रकाना हा त्याचसाठी. सर्व आधार मात्र सारख्या वजनाचे नसतात.

'बहिष्कृत भारता'तील वृत्तान्त घटनेनंतर थोड्याच दिवसांतला, म्हणून मोलाचा. पण तो आपल्या बाजूचा आहे, हे ध्यानी ठेवावे. कोर्टाच्या निकालपत्रात दोन्ही बाजू येतात आणि अनपेक्षित तपशील हाती लागतो. तळ्याचे क्षेत्र चार ते पाच एकर, चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरे, जवळपास अस्पृश्यांचे एकही घर नाही, हे वर्णन हायकोर्टाच्या निकालात आहे. आमच्या गोष्टीतले तळे त्यावरूनच उभे राहिले. कीर व चांगदेव खैरमोडे यांची चरित्रे नंतरची, पण कष्टाने जमवलेली. आनंद तेलतुंबडे यांचे महाडवरील इंग्रजी पुस्तक २०१६ चे. त्यात कागदपत्रांची छाननी आहे. शेवटी घराघरांतून चालत आलेल्या आठवणी. त्या सर्वांत जिवंत आणि सर्वांत निसरड्या.

केवळ ऐकिवात आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा सांगणारा पूज्य आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश आपण वंदनेनंतर ऐकतो. घरच्या आठवणीला तो लावायची वेळ आली तेव्हा आमची काय अवस्था झाली, ते आता सांगतो.

आत्यांची आठवण

आमचे आजोबा महाडला गेले होते आणि चवदार तळ्याचे पाणी प्याले होते, ही आमच्या घराण्याची सर्वांत मोठी मिळकत. आम्ही शाळेत असताना ते वारले. मंडळाच्या कार्यक्रमांत आमची ओळख करून देतानाही कधी कधी याचा उल्लेख होतो. गोष्टीतला सामान्य प्रतिनिधी म्हणून त्यांनाच घ्यावे असे ठरवून आम्ही वही घेऊन आत्यांकडे गेलो. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, पण स्मरण ठणठणीत.

त्या म्हणाल्या, "बाबा सांगायचे, रात्री ते पुस्तक जाळलं. मग तळ्यावर गेलो. घोंगडी पांघरून निजलो होतो, थंडी लय होती."

आमची लेखणी थांबली. दहन डिसेंबरचे. थंडीही डिसेंबरची. पाणी प्यायले ते मार्चमध्ये. डिसेंबरात कोणीच पाणी प्याले नव्हते.

"आत्या, तळ्यावर जाऊन काय केलं म्हणाले?"

"फेरी घातली. सगळ्या तळ्याला फेरी घातली म्हणायचे."

"आणि पाणी प्यालो, असं त्यांच्या तोंडून ऐकलंस का तू?"

आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते नाही आठवत रे. आम्हीच म्हणत आलो." आणि लगेच त्यांचा आवाज चढला, "म्हणजे माझा बाप खोटा का?"

आम्ही गडबडलो. मग वही उघडून त्यांना डिसेंबरची हकीकत सांगितली. हजारो माणसे तुरुंगात जायची तयारी करून आली होती. सत्याग्रह करायचाच, असा त्यांचा आग्रह होता. कलेक्टरांनी परिषदेत येऊन कोर्टाचा हुकूम पाळण्यास सांगितले. शेवटी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याला फेरी घालून ती परतली. आजोबांनी जे सांगितले ते शब्दशः याच्याशी जुळते. ते खोटे बोलले नव्हते. त्यांचे ऐकताना घाई आपण केली होती.

आत्यांनी विचारले, "म्हणजे पाणी समोर होतं, आणि कुणी शिवलं नाही?"

"नाही शिवलं."

"मग तसंच लिही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, "त्यांचं नाव लिहिलेलं आहे का कुठं?"

आम्ही पाहिलेल्या कागदांत ते नाव नाही, हे आम्हांला त्यांना सांगावे लागले.

आजोबा मार्चमध्येही गेले असतील, ही शक्यता उरतेच. पण तिला आधार नाही. घरी परतल्यावर दोन रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. ताळेबंदात मोठी रक्कम कमी करावी लागली की जसे वाटते तसे वाटले. पण नंतर ध्यानी आले की आमच्या प्रश्नाला, कागदावरचा हक्क ओंजळीत यायला काय लागते या प्रश्नाला, डिसेंबरच्या फेरीइतके नेमके उत्तर दुसरे नाही. पाण्यापासून चार हातांवर येऊन, संख्येने जास्त असून, हजारो माणसे कोर्टाच्या कागदासाठी थांबली आणि तो कागद यायला दहावे वर्ष उजाडले. गोष्टीतील सर्वांत मोठा प्रसंग आता तो आहे. आजोबांना पाणी पाजण्याच्या नादात आम्ही तो गमावला असता.

रिकाम्या जागांचे काय करावे?

अशा लेखनात पोकळ्या राहणारच. आम्ही स्वतःसाठी काही नियम केले. संवाद घालायचे ते आधार असलेलेच. नसतील तर काय बोलणे झाले असेल ते सांगत बसायचे नाही. मनातले विचार लिहायचे नाहीत, हातांनी काय केले ते लिहायचे. आठवण असेल तर ती आठवण म्हणूनच द्यायची : "आत्या सांगतात की..." पोकळी फार मोठी असेल तर वाचकाला ती सरळ सांगायची. 'असावे', 'असेल' हे शब्द मिठासारखे, बेताने वापरायचे. आणि दोन दिवसांचे प्रसंग सोयीसाठी एका दिवसात कधीही कोंबायचे नाहीत. आमच्या घरात अनवधानाने तेच घडले होते.

लांबीही आधीच ठरवावी. विकतचे पाणी, तळ्याकडची चाल, मंडपावरचा हल्ला, मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला येणे, दहनाची रात्र, तळ्याची फेरी आणि निकाल, असे सात प्रसंग आम्ही सविस्तर घेतले आहेत. कौन्सिलचा ठराव, शुद्धी, दाव्याच्या तारखा हे सारे मधल्या दोन-चार ओळींत. जेथे माणूस काही करतो तेथे थांबावे. जेथे नुसता कागद फिरतो तेथे लवकर पुढे जावे.

एक विनंती

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी महाड नसेल. पण नाशिकचा सत्याग्रह असेल, नागपूरची दीक्षा असेल, नामांतराचे दिवस असतील, गिरणीचा संप असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी वही घेऊन बसा. त्यांचे शब्द त्यांनी उच्चारले तसेच उतरवून घ्या, आपल्या शब्दांत सुधारू नका. कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, हे वर लिहा. थंडी होती की ऊन, पायी गेलात की बोटीने, सोबत कोण होते, काय खाल्ले, असे साधे प्रश्न विचारा. तारीख चुकते, पण थंडी सहसा चुकत नाही.

आमची गोष्ट पुढील अंकापर्यंत पुरी व्हावी असा प्रयत्न आहे. तीत एका पानावर, आत्यांची आठवण असा स्पष्ट उल्लेख करून, तळ्याला फेरी घालणाऱ्या एका माणसाचे नाव येईल. आमच्या माहितीप्रमाणे ते छापले जाण्याची ती पहिलीच वेळ असेल. ते पान आत्यांना वाचून दाखवायचे आहे, म्हणून आता फार वेळ लावून चालणार नाही.

जयभीम.